पुराणकथांवर बेतलेली अद्भुत कादंबरीमालिका मुलांसाठी निवडताना

ललिता पंचमीला त्र्यंबोली टेकडीवर कोल्हासुराचे प्रतीक म्हणून कोहळा फोडला जातो. तो सोहळा पाहत वाढणाऱ्या कोल्हापूरच्या मुलांना देव-असुरांची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही. म्हणूनच मालिका ग्रीक पुराणांवर आधारलेली असो वा आपल्या, लेखकाने मूळ कथेत शिरून काही नवे रचले आहे की केवळ नावे उसनी घेतली आहेत, हे प्रथम तपासावे. माझी कसोटी खलपात्राची आहे. आपल्या दंतकथेत कोल्हासुरही मरताना नगरीला आपले नाव मिळावे असा वर मागतो; ज्या मालिकेतील असुराला अशी एकही इच्छा नसते, ती दुसऱ्या भागापर्यंत कंटाळवाणी होते.

अनेक मालिकांत नायकाचे वय भागागणिक वाढते आणि मृत्यू, सूड, युद्ध यांची वर्णनेही गडद होत जातात. त्यामुळे नऊ-दहा वर्षांच्या वाचकासाठी पहिल्या भागाबरोबर शेवटचा भागही पालकांनी चाळावा. मुखपृष्ठावरील वयोगटावर विसंबू नये. संपूर्ण संच लगेच विकत न घेता, 1850 मध्ये स्थापन झालेल्या करवीर नगर वाचन मंदिरासारख्या ग्रंथालयात पहिला भाग मिळतो का, ते आधी पाहावे.