गोल्फ कार्टच्या फ्रेमचा गंज: आधी ॲसिड निष्प्रभ करा, मग रंग लावा

बॅटरीवर चालणाऱ्या जुन्या गोल्फ कार्टची फ्रेम पावसापेक्षा बॅटरीतल्या ॲसिडने जास्त खराब होते. सांडलेल्या सल्फ्युरिक ॲसिडमधलं पाणी उडून जातं, ॲसिड मात्र तिथेच राहून आणखी तीव्र होतं. त्यावर कितीही महागडा रंग मारा, तो खालून फुगणारच.

सुरुवात लोहचुंबकाने करा: चिकटलं तर पोलाद, नाही तर ॲल्युमिनियम. ई-झी-गो आणि यामाहा या कंपन्यांच्या बहुतेक कार्टची फ्रेम पोलादी असते, क्लब कार कंपनीच्या कार्टची मुख्य फ्रेम ॲल्युमिनियमची. तिला लाल गंज चढत नाही. पण ॲसिड तिलाही खातं आणि स्प्रिंग, ॲक्सल वगैरे भाग पोलादीच असतात.

१. बॅटऱ्या काढा. किल्ली बंद करा, सीटखालचा स्विच ‘टो’वर (कार्ट ओढून नेण्याच्या स्थितीवर) टाका आणि जोडणीचे फोटो काढून ठेवा. मुख्य निगेटिव्ह वायर आधी सोडवा. पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळा. पाना दोन टर्मिनलांना एकदम टेकला तर जागीच वितळू शकतो. ४८ व्होल्टच्या कार्टमध्ये बहुधा ८ व्होल्टच्या ६ बॅटऱ्या असतात, एकेक साधारण ३० किलोची, तेव्हा उचलायला दोघे हवेत. त्या कामाच्या जागेपासून लांब ठेवा. चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि ग्राइंडरची एक ठिणगी त्याला पुरते. कार्ट नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका, स्टँड लावा, आणि तेही फ्रेमच्या धड भागाखाली.

२. ॲसिड निष्प्रभ करा. ४ लिटर कोमट पाण्यात पाव किलो खाण्याचा सोडा विरघळवा. हातमोजे आणि गॉगल घालून बॅटरीचा ट्रे, खालच्या पट्ट्या आणि वेल्डिंगच्या कडांवर ब्रशने लावा. फेस येतोय म्हणजे ॲसिड शिल्लक आहे. फेस यायचा थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा लावा, मग साध्या पाण्याने सोडा पूर्ण धुऊन काढा. धुण्याआधी मोटर आणि कंट्रोलर (मोटरची वीज नियंत्रित करणारा डबा) प्लास्टिकने झाका. धुतल्यावर फ्रेम ब्लोअरने सुकवा, सांध्यांत पाणी राहू देऊ नका.

३. धातू किती उरलाय ते बघा. ट्रेचे कोपरे, आडव्या पट्ट्यांची खालची बाजू आणि मागच्या स्प्रिंगांचे ब्रॅकेट हातोडीने हलके ठोका. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला किंवा स्क्रूड्रायव्हरचं टोक आत घुसलं, तर तो भाग गेला. त्यावर पुट्टी किंवा फायबर थापणं ही फसवणूक आहे. धड धातू लागेपर्यंत कापून ३ मिमीची पट्टी वेल्ड करून घ्या. वेल्डिंगपूर्वी कंट्रोलरच्या वायर सोडवा.

४. घासा. सुटे पापुद्रे पत्रीने पाडा, मग ४ इंची ग्राइंडरला वायर कप ब्रश लावा. त्याच्या तारा सुटून उडतात, म्हणून चेहरा झाकणारी ढाल हवी. नुसत्या वायर ब्रशवर विसंबू नका. खड्ड्यांतला गंज तो काढत नाही, चकचकीत करतो, आणि फ्रेम साफ झाल्यासारखी वाटते. तिथे ८० नंबरची फ्लॅप डिस्क (पॉलिश पेपरच्या पाकळ्यांची चकती) हलक्या हाताने फिरवा. जुन्या रंगाच्या कडा १२० च्या पॉलिश पेपरने उतरत्या करा. हायड्रोक्लोरिक ॲसिड मात्र टाळा: ते पोकळ नळ्यांत शिरलं की बाहेर काढता येत नाही.

५. खड्ड्यांत घट्ट बसलेल्या गंजावर रस्ट कन्व्हर्टरचा (गंजाचा काळा, स्थिर थर करणाऱ्या रसायनाचा) पातळ हात द्या. काळा पडला की काम झालं. सुकायला बहुधा २४ तास लागतात. उघड्या चकचकीत धातूवर त्याचा उपयोग नाही, तिथे चिकट थर उरतो. काही इपॉक्सी प्रायमर फॉस्फोरिक ॲसिडच्या कन्व्हर्टरवर धरत नाहीत, म्हणून प्रायमरच्या डब्यावरचा मजकूर आधी वाचा.

६. रंग लावा. कन्व्हर्टर सुकला की उघडा धातू पुन्हा हलका घासा, थिनरच्या फडक्याने पुसा आणि त्याच दिवशी दोन भागांचा (हार्डनर मिसळायचा) इपॉक्सी प्रायमर लावा. कोकण-गोव्याच्या दमट हवेत रात्रभर उघडं राहिलेलं लोखंड सकाळी तांबूस दिसतं. हार्डनर डब्यावरच्या प्रमाणातच घाला. जास्त घातल्याने रंग लवकर सुकत नाही, ठिसूळ होतो. धारदार कडा, वेल्ड आणि बोल्टची भोकं यांना आधी ब्रशने एक जादा हात द्या, कारण रंग तिथून ओघळून पातळ होतो. मग पूर्ण फ्रेमला दोन हात. रेड ऑक्साइड स्वस्त आहे आणि इतर भागांना चालेल, पण बॅटरीच्या ट्रेवर टिकत नाही. उन्हात राहणाऱ्या भागांवर वरून पॉलियुरेथेन लावा आणि तेही ब्रशने. त्याच्या स्प्रेचा धूर साध्या मास्कने अडत नाही.

७. पोकळ नळ्यांत लांब नळीच्या नोझलने कॅव्हिटी वॅक्स (गंज रोखणारं मेण) फवारा. पाणी निघायची भोकं मात्र मोकळी ठेवा, नाहीतर नळ्या आतून सडतील.

गंज परत येतो तो बॅटरीत पाणी भरण्याच्या सवयीमुळे. चार्जिंगच्या आधी बॅटरी गळ्यापर्यंत भरली की चार्ज होताना पातळी वाढून ॲसिड ट्रेवर सांडतं. प्लेट उघड्या पडल्या असतील तर त्या जेमतेम बुडतील एवढंच डिस्टिल्ड वॉटर आधी घाला, बाकीचं पूर्ण चार्ज झाल्यावर. पातळी भरायच्या नळीच्या तळाच्या थोडी खाली राहू द्या. दर २–३ महिन्यांनी झाकणं घट्ट लावून बॅटऱ्यांचा वरचा भाग आणि ट्रे सोड्याच्या पाण्याने पुसा. सोड्याचा थेंबही सेलमध्ये जाता कामा नये, नाहीतर बॅटरी खराब होईल. ट्रेखाली रबरी मॅट असेल तर तीही उचलून बघा, ॲसिड तिच्याखालीच साठतं.