ज्वारीची भाकरी का चिरते आणि कशी फुगते

भाकरी थापताना चिरली की नवशिके स्वतःच्या हाताला दोष देतात. आधी पीठ बघा. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं. पीठ बांधून ठेवते ती त्याची विरी, आणि दळण जुनं झालं की विरी जाते. म्हणून पंधरा दिवसांपुरतंच दळून आणावं, उन्हाळ्यात आठ. ज्वारी रब्बीची मालदांडी घ्यावी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे ते उगाच नाही. पावसात सापडलेली खरिपाची ज्वारी काळी पडते आणि भाकरीही तशीच होते.

तीन मध्यम भाकरींना २०० ग्रॅम पीठ आणि साधारण १७० मिली कडकडीत पाणी लागतं. पीठ नवं असेल तर कोमट पाणीही चालतं. पीठ एकदम मळून ठेवू नका. एका भाकरीपुरतं घ्या आणि तळहाताच्या टाचेने तीन-चार मिनिटं रगडा. गोळा दाबल्यावर कड फाटली तर पाण्याचा हात लावून पुन्हा मळा. इथे घाई केली तर पुढचं काहीच सुधारत नाही.

परातीत किंवा काठवटीत पीठ भुरभुरवून गोळा ठेवा. बोटांनी कडेकडेने थापत भाकरी फिरवत राहा. मधे जाड आणि कडेला पातळ झाली की ती फुगत नाही, कड मात्र करपते. खाली पीठ कमी पडलं की भाकरी चिकटते, जास्त झालं की कोरडी आणि भुरभुरीत लागते.

तवा लोखंडी आणि चांगला तापलेला हवा; पाण्याचा थेंब टाकताच नाचला पाहिजे. पिठाची बाजू वर येईल अशी भाकरी टाका आणि लगेच त्या बाजूला ओला हात फिरवा. उशीर झाला तर भेगा पडतात, पाणी फार झालं तर तव्याला चिकटते. पाणी पुरतं सुकायच्या आत उलटा. आता ही बाजू नीट भाजू द्या, तांबूस ठिपके येईपर्यंत. मग पहिली, कमी भाजलेली बाजू थेट आचेवर धरा. आतल्या वाफेने पापुद्रा सुटून भाकरी टम्म फुगते. चुलीवर हेच काम आर, म्हणजे निखारे, पुढे ओढून, त्याला भाकरी टेकवून करतात, आणि ती चव गॅसवर येत नाही.

परदेशात मिळणारं पाकिटातलं पीठ बहुधा विरी गेलेलंच असतं. तेव्हा उकड काढा: एक वाटी पाण्याला चिमूटभर मिठासह उकळी आणा, वाटीभर पीठ घालून ढवळा, गॅस बंद करून पाच मिनिटं झाका आणि गरम असतानाच मळा. उकळत्या पाण्याने पिठातला स्टार्च फुलून चिकट होतो, तोच विरीची जागा घेतो.

हॉटेलात भाकरी लाटल्यासारखी एकसारखी गोल आली, घडी घातली तरी मोडली नाही, तर तीत गव्हाचं पीठ असू शकतं. गहू वर्ज्य असलेल्यांनी मागवण्याआधी विचारावंच.

सोलापूरकडची कडक भाकरी वेगळी. ती पातळ थापून, मंद आचेवर फडक्याने दाबत, ओल पूर्ण जाईपर्यंत भाजतात. कोरड्या डब्यात ती कितीतरी दिवस टिकते, आणि कालवणात कुस्करून खावी.