नवा फ्लाय रॉड घरच्या मैदानात पारखा

ट्राउट माशासाठी हिमाचलात तीर्थन नदीवर गाइड घेऊन जाणार असाल, तर नव्या फ्लाय रॉडनं, म्हणजे कृत्रिम माशी लावून मासे धरायच्या काठीनं, आधी बेळगावातच लाइन (दोरी) फेकून बघा. 9 फुटी, चार तुकड्यांचा रॉड जोडताना लाइन ओवायच्या कड्या पाव वळण तिरक्या ठेवून तुकडा आत सारा, मग फिरवत एका रेषेत आणा. नुसता दाबून बसवला की फेकता फेकता सांधा सैल होतो आणि रॉड नेमका तिथंच मोडतो. माशीऐवजी लोकरीचा गोंडा बांधा. खानापूरकडची कापलेली भातखाचरं नकोत, धसकटं लाइनचं आवरण खरवडतात. हिरवळ बरी, हिडकल धरणाचं निवांत पाणी त्याहून बरं. 30 फूट लाइन बाहेर काढा. मागे गेलेली लाइन सरळ होण्याआधीच हात पुढे आला, तर चाबकासारखा फटका ऐकू येतो. गोंड्याच्या जागी माशी असती तर तुटून गेली असती.