मक्याची साखर की उसाची? घाबरण्याआधी या चुका टाळा

परवा आत्याचा फोन आला. "अगं, अमेरिकेतला भाचा सांगतोय, कोल्ड्रिंकमध्ये मक्याचं सिरप असतं, लिव्हरची वाट लागते. मी दोन्ही बाटल्या मोरीत ओतल्या. आता घरात फक्त गूळ." मी विचारलं, "आत्या, बाटलीवर काय लिहिलं होतं?" ते काही वाचलं नव्हतं.

तिकडची बातमी इकडच्या बाटलीला लावणे

अमेरिकेत मोठ्या कोला कंपन्यांनी १९८४ च्या सुमारास साखर सोडून मक्याचं सिरप धरलं. तिकडे ते स्वस्त पडतं. आपल्याकडे ऊस मुबलक, म्हणून नाशिकच्या दुकानातली बाटली उलटी करून पाहिलीत तर घटकांत बहुतेक वेळा सरळ 'शुगर' सापडेल. येवला-मालेगावकडचा मका तर बराचसा कोंबडीखाद्यात जातो, त्याच्यावर उगाच आळ.

मक्यापासून झालं म्हणजे सगळं एकच, असं समजणे

इथे खरा घोळ आहे. मिठाईवाले वापरतात ते लिक्विड ग्लुकोजही सहसा मक्याच्या स्टार्चचंच असतं, पण त्यात फ्रुक्टोज, म्हणजे फळांत असते ती साखर, जवळजवळ नसतं. बदनाम झालं ते वेगळं, हाय फ्रुक्टोज कॉर्न सिरप. त्यात एन्झाइम वापरून ग्लुकोजच्या काही भागाचं फ्रुक्टोज केलेलं असतं. शीतपेयांसाठीच्या सिरपातल्या साखरेत फ्रुक्टोज सुमारे ५५ टक्के, बेकरी वगैरेंसाठीच्या प्रकारात ४२ टक्के.

आणि आपली पांढरी साखर? निम्मं ग्लुकोज, निम्मं फ्रुक्टोज. फरक एवढाच की साखरेत ते एकमेकांना जोडलेले असतात आणि लहान आतड्यात सुटे होतात. सिरपात आधीच सुटे. गुलाबजामचा पाक साखरू नये म्हणून आपण लिंबू पिळतो ना? आंबटपणा आणि उष्णतेने थोडी साखर तशीच सुटी होते. म्हणजे त्या 'भयंकर' सिरपाचा धाकटा भाऊ आपल्या पातेल्यात पिढ्यान्‌पिढ्या आहे.

२००४ मध्ये काही संशोधकांनी हे सिरप आणि लठ्ठपणा यांचा संबंध असावा, अशी शंका मांडली आणि गदारोळ उठला. पुढे सिरप आणि साखर सारख्या प्रमाणात देऊन पाहिल्यावर वजनात ठळक फरक दिसला नाही. जास्तीच्या फ्रुक्टोजची यकृत चरबी करतं हे खरंच आहे, पण ते फ्रुक्टोज उसातून आलं की मक्यातून, हे यकृत विचारत नाही. त्यामुळे सिरप निर्दोष, असं मी म्हणणार नाही. साखरही तितकीच दोषी आहे, एवढंच.

गूळ-मध म्हणजे सुटका

गूळही मुख्यतः तीच साखर, थोडी खनिजं आणि चव जास्त. मधात तर ग्लुकोजपेक्षा फ्रुक्टोज जास्त. 'नैसर्गिक' म्हणून महाग विकलं जाणारं अगाव्हे (घायपाताच्या जातीची वनस्पती) सिरप घ्याल, तर त्यात मक्याच्या सिरपापेक्षाही बरंच जास्त फ्रुक्टोज निघेल.

फ्रुक्टोजच्या भीतीने द्राक्षं सोडणे

नाशिकात राहून हे पाप करू नका. द्राक्षातही ग्लुकोज-फ्रुक्टोज जवळपास निम्मं-निम्मं, पण सोबत पाणी, साल, थोडे तंतू असतात आणि ती चावावी लागतात. गाळलेला रस मात्र या हिशोबात फळ नव्हे. मधुमेह असेल तर द्राक्षं किती खायची, ते डॉक्टरांना विचारून ठरवा.

नाव तपासणे, प्रमाण नाही

जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर, मध, सिरप आणि रसातली साखर एकत्र धरते. २००० कॅलरींच्या आहारात ही बेरीज ५० ग्रॅमच्या आत, जमल्यास २५ च्या आसपास ठेवा, असं ती सांगते. २५० मिली कोल्यात साधारण २६ ग्रॅम साखर असते, म्हणजे एका छोट्या बाटलीत दिवस संपला. पाकिटावर लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज अशी नावं वेगवेगळी येतील. ती पाठ करण्यापेक्षा 'अ‍ॅडेड शुगर'चा आकडा पाहा, आणि तो १०० ग्रॅमला आहे की एका सर्व्हिंगला, तेही.

आत्याकडून चहाचा हिशोब घेतला. दिवसाला चार कप, कपाला दीड चमचा, म्हणजे २५ ते ३० ग्रॅम. कोल्ड्रिंक मात्र पाहुणे आले तरच. आता कपाला एक चमचा गूळ ठरलाय. लगेच पुढची तक्रार : गुळाचा चहा फाटतो. "आत्या, गॅस बंद कर, मग गूळ घाल. उकळू नकोस."