क्रॅश घ्यायला निघण्यापूर्वी

क्रॅश म्हणजे ड्रमसेटमधली, ठसक्यासाठी मारायची मोठी झांज. ती घ्यायला दुकानात जाण्याआधी घरी बसून आपल्या बँडची तीन-चार गाणी ऐकायची आणि क्रॅश कुठे कुठे पडतो ते मोजायचं. कोरसच्या पहिल्या मात्रेवर एकदाच पडत असेल तर गोष्ट वेगळी, आणि अख्खा कोरस क्रॅशच्या कडेवरच रेटायची सवय असेल तर वेगळी. दुसऱ्या प्रकारात आधीचा नाद विरायच्या आत पुढचा घाव बसतो आणि माइकला नुसता सूंऽऽ ऐकू येतो. हे न ठरवता बरेच जण निघतात. मीही तसाच निघालो होतो.

तेव्हा डोक्यात एकच होतं, रॉक म्हणजे जाड. १८ इंची, चांगला पावणेदोन किलोचा क्रॅश घेतला. जॅम रूममध्ये त्याने दोन्ही गिटार ॲम्पना गप्प केलं, मी खूश. स्टुडिओत पहिला टेक झाला आणि हेडफोनमध्ये रेकॉर्डिस्टचा आवाज आला, "दादा, दुसरा काही आणलाय का?" ओव्हरहेडमध्ये, म्हणजे ड्रमसेटच्या वर टांगलेल्या माइकमध्ये, तो होताच, पण स्नेअर आणि टॉम या ड्रमच्या माइकमध्येही तोच घुसला होता. मिक्समध्ये स्नेअर वर घेतली की क्रॅशही वर, वरून कॉम्प्रेसर (मोठा-लहान आवाज एका पातळीला आणणारं यंत्र) लावला की त्याच्या नादाची शेपटी आणखी लांब. शेवटी बासवाल्याच्या ओळखीतून एक १७ इंची पातळ क्रॅश मागवला आणि दोन टेकमध्ये काम झालं.

म्हणून यादीत पहिलं हेच: रेकॉर्डिंगसाठी आपल्याला वाटतो त्यापेक्षा एक पायरी पातळ घ्यायचा. जाडी वाढली की सूर चढतो, झांज उघडायला, म्हणजे तिचा पूर्ण आवाज निघायला, जोर लागतो आणि नाद रेंगाळतो. व्यास वाढला की सूर उतरतो, आवाज भरदार होतो. रॉकला भरदारपणा हवा असतो, तो व्यासातून घ्यायचा, जाडीतून नाही. १६ आणि १८ ही नेहमीची जोडी. एकच परवडणार असेल तर १८ इंची थिन (पातळ) किंवा मीडियम-थिन (मध्यम-पातळ). 'रॉक' किंवा 'हेवी' असा शिक्का बघून भुलायचं नाही. तो माल मुख्यतः ॲम्पच्या गदारोळातून वर यावा म्हणून बनवलेला असतो, स्टुडिओत त्या जोराची गरजच नसते.

शिक्क्यांवर भरवसा नको, कारण एका कंपनीचं 'मीडियम' दुसरीच्या 'थिन'शी जुळतं. त्यापेक्षा स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा पिशवीत टाकायचा. दुकानदार हसेल, हसू द्यावा. १८ इंची पातळ क्रॅश साधारण १३००-१४०० ग्रॅमचा असतो, १७००च्या पुढे गेला की तो जाड. एकाच मॉडेलचे दोन नग असतील तर दोन्ही तोलून, दोन्ही वाजवून बघायचे. सूर सहसा वेगळा निघतो.

धातूचं थोडक्यात. बी-२० म्हणजे ८० टक्के तांबं, २० टक्के कथील, आपल्या तळपायाला तूप चोळायच्या काशाच्या वाटीचंच घराणं. बी-८ मध्ये कथील ८ टक्के, त्यामुळे आवाज जरा सरळ आणि धारदार. त्याला हलकं समजायचं कारण नाही. पायस्टे या झांज कंपनीची १९७१ साली आलेली '२००२' नावाची मालिका बी-८ची आहे, आणि लेड झेपेलिन या रॉक बँडचा ड्रमर जॉन बॉनम याने तीच वाजवली. ड्रमसेटबरोबर फुकट येणारी पितळी झांज मात्र रेकॉर्डिंगला नेऊ नये. दुकानदार कधी १६२३ साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये सुरू झालेल्या झिल्जियन या झांजा बनवणाऱ्या घराण्याचा इतिहास सांगेल. इतिहास खरा आहे, ऐकून घ्यावा, पण स्टँडवर टांगलेल्या नगाबद्दल त्यातून काही कळत नाही.

आपल्या नेहमीच्या काठ्या न्यायच्या आणि जमल्यास आपला हाय-हॅटही (पायाने मिटायची झांजांची जोडी), कारण क्रॅश त्याच्या शेजारी राहणार आहे. दुपारी, गिऱ्हाईक कमी असताना जायचं. बोटाने टिचकी मारून काही कळत नाही. काठीच्या टोकाने नाही, तिच्या खांद्याने, म्हणजे टोकामागच्या निमुळत्या भागाने, कडेवर, तिरका निसटता घाव घालायचा. मग काठी मित्राच्या हातात देऊन दहा पावलं लांब उभं राहायचं. जवळून गोड लागणारा क्रॅश लांबून पत्रा वाजल्यासारखा निघू शकतो. हळू मारल्यावरही तो उघडतोय का, हे बघायला विसरू नये.

सेकंडहँड घेत असाल तर कडेवरून नख फिरवायचं. नख अडकलं तर तडा. मधल्या भोकात स्टँडच्या रॉडने खाच पाडली असेल तर आधीच्या मालकाने स्लीव्ह, म्हणजे रॉडवर चढवायची नळी, लावली नव्हती, आणि बाकी काळजीही अशीच घेतली असणार. तडा गेलेला नग कितीही स्वस्त असो, सोडायचा.

आपल्या स्टँडवर फेल्ट (झांजेखालची-वरची नमद्याची चकती) आणि स्लीव्ह आहे ना, हे आजच बघून ठेवायचं. स्लीव्ह हरवली असेल तर बाइकच्या पेट्रोल पाइपचा इंचभर तुकडा चालतो. वरची विंगनट (हाताने फिरवायची पंखांची चाकी) करकचून आवळायची नाही, झांज डुलली पाहिजे. आणि घरी सांगून ठेवायचं की ही झांज चिंच-मिठाने किंवा भांड्यांच्या पावडरीने घासायची नाही. आमच्याकडे दिवाळीत एक चकचकीत करून झाली आहे, शिक्क्यासकट.

रेकॉर्डिंगच्या दिवशी दोन क्रॅश न्यायचे, दुसरा उसना असला तरी चालेल. स्टँड नेहमीपेक्षा चार बोटं उंच, म्हणजे टॉमच्या माइकपासून लांब. हात निम्म्याने हलका. हे शेवटचं घरी आठवडाभर घोकायला हवं, कारण लाल दिवा लागला की हात आपोआप जड होतो.