जुन्या गाडीला टायर घेताय? या चुका टाळा

2022 ची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. आमची 1968 ची अँबॅसेडर, मार्क टू, दोन महिन्यांपूर्वीच चारही नवे टायर चढवलेली. जळगावहून पारोळ्याकडे गावी निघालो होतो. गाडीत आई, नाना, आम्ही दोघं आणि डिकीत आंब्याच्या दोन पेट्या. दुपारचा एक वाजलेला, डांबर नुसतं चकाकत होतं. एरंडोल मागे पडलं आणि मागून थाड थाड थाड असा आवाज सुरू झाला. गाडी बाजूला घेऊन पाहिलं, तर मागच्या डाव्या टायरचा वरचा पट्टा केळीच्या सालीसारखा सोलून लोंबत होता. हवा अजून भरलेली, वरच्या नक्षीचे काटे अगदी कोरे. वेग साठच्या वर नव्हताच.

नवा टायर असा कसा गेला, ते मला रस्त्याच्या कडेला निंबाखाली बसल्यावर कळलं. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, लहानशा चौकोनात चार आकडे होते: 3812. म्हणजे 2012 सालचा 38 वा आठवडा. दुकानदाराने मला नवाच टायर दिला होता, फक्त तो साडेनऊ वर्षं गोदामात पत्र्याखाली भाजत पडलेला होता. घेताना मी विचारलंही होतं. "नवाच शे भो, देखी ल्या," म्हणाला. मी काटे पाहिले, तारीख पाहिलीच नाही.

काटे पाहता, तारीख पाहत नाही

ही चूक सगळ्यात जास्त लोक करतात, आणि जुन्या गाडीवाले तर हमखास. आपली गाडी वर्षाला हजार-दोन हजार किलोमीटर चालते. लग्नाची वरात, दसऱ्याची पूजा, एखादी रॅली. एवढ्यावर टायर झिजून गोटा होणं शक्यच नाही. तो झिजण्याआधी म्हातारा होतो. ऊन, हवेतला ओझोन आणि उष्णता यांनी रबर कडक होतं, साइडवॉलवर केसासारख्या बारीक भेगा पडतात आणि आतल्या थरांची एकमेकांवरची पकड सुटत जाते. भुसावळ-जळगावात मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या गाडीखाली काय होत असेल, त्याचा अंदाज करा.

वाचायची रीत सोपी आहे. साइडवॉलवरच्या सांकेतिक ओळीतल्या शेवटच्या चार आकड्यांतले पहिले दोन आठवडा सांगतात, नंतरचे दोन वर्ष. हा आकडा बऱ्याचदा टायरच्या एकाच अंगाला असतो, त्यामुळे बाहेरून दिसला नाही तर आतल्या बाजूला बॅटरी मारून शोधा. तीनच आकडे दिसले तर तो टायर 2000 सालाच्या आधीचा. त्यावर बसून गावाबाहेर जाऊ नका, मग तो कितीही गुळगुळीत काळा दिसो. माझा स्वतःचा हिशेब असा: सहा वर्षांनंतर दरवर्षी टायर उतरवून आतून-बाहेरून तपासायचा आणि दहाव्या वर्षी काढून टाकायचा. काटे शिल्लक असले तरी.

आणि घेतानाच तारीख बघून घ्या. पाच टायर घेत असाल तर पाचही टायरांची. एकाच गठ्ठ्यात वेगवेगळ्या सालाचे टायर मी स्वतः पाहिलेत.

"बसतो ना रिमवर!"

खान्देशात जुन्या जीप अजून भरपूर आहेत, रावेर-यावलकडे केळीच्या बागांत तर विचारूच नका. जीपचा मूळ टायर 6.00-16. आणि ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचा एक चालू साइजही 6.00-16! तीन पट्ट्यांचा तो टायर जीपच्या रिमवर बिनबोभाट बसतो, कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतो आणि स्वस्तही पडतो. म्हणून लोक चढवतात. पण शेतीच्या टायरवर वेगाची खूण A6 किंवा A8 अशी असते. A6 म्हणजे ताशी 30 किलोमीटर, A8 म्हणजे 40. तो शेतात, वावराच्या बांधावर चालण्यासाठी बनवलेला आहे. हायवेवर सत्तरने पळवला की तापतो, आणि ओल्या डांबरावर त्या तीन पट्ट्यांना ब्रेकच्या वेळी पकडायला काही मिळत नाही. अशी जीप चाळीसगावहून कन्नड घाटात नेणाऱ्याला माझा दुरूनच रामराम.

अँबॅसेडरवाल्यांची गंमत वेगळी. मूळ टायर 5.90-15, म्हणजे रुंदी 5.9 इंच आणि रिम 15 इंची. आजकाल 15 इंची टायर ढिगाने मिळतात, त्यामुळे दुकानदार जे हाताशी असेल ते पुढे करतो. मूळ टायरची उंची 26 इंचांच्या थोडी वर भरते. 195/65 आर 15 (रुंदी 195 मिलिमीटर, साइडवॉलची उंची तिच्या 65 टक्के, आर म्हणजे रेडियल, रिम 15 इंची) घेतलात तर ती 25 इंच होते: गाडी बुटकी दिसते, इंजिन जास्त फिरतं आणि स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवतो. उलट एसयूव्हीचा 215/75 आर 15 चढवलात तर उंची पावणेअठ्ठावीसच्या घरात जाते, काटा कमी वेग दाखवतो आणि वळणावर टायर मडगार्डला घासतो. शिवाय एवढा रुंद टायर जुन्या अरुंद रिमवर बसवला की मधून फुगतो आणि कडा उचलल्या जातात. स्टीअरिंग इतकं जड होतं की पार्किंगमध्ये घाम फुटतो. पॉवर स्टीअरिंग नाही, हे विसरू नका. मूळ उंचीच्या जवळ जाणारा रेडियल म्हणजे 175/80 आर 15, तो साधारण 26 इंच भरतो. रिमची रुंदी आधी मोजून मगच तो घ्या.

प्रीमियर पद्मिनीवाल्यांना मूळचा 5.20-14 मिळत नाही म्हणून ते सरळ 13 इंची रिम घालतात. 155/80 आर 13 ची उंची मूळच्यापेक्षा साधारण पाच-सहा टक्के कमी भरते, म्हणजे गाडी कायमची एक खाच खाली. 155/80 आर 14 मिळाला तर फरक जेमतेम सेंटीमीटरभर पडतो. तो शोधा, थोडा वेळ लागू द्या.

नायलॉन की रेडियल, हे आधी ठरवा. दोन्ही एकत्र नको.

आपल्याकडे क्रॉसप्लायला नायलॉन म्हणतात. त्यात धाग्यांचे थर तिरके, एकमेकांना छेद देत टाकलेले असतात, त्यामुळे साइडवॉल आणि वरचा पट्टा दोन्ही एकाच वेळी ताठ होतात. रेडियलमध्ये धागे आडवे, कडेपासून कडेपर्यंत, आणि वर पोलादी पट्टा. मिशेलिन या फ्रेंच कंपनीने 1946 मध्ये याचं पेटंट घेतलं आणि 1949 मध्ये असा टायर बाजारात आणला. त्याआधीच्या आणि नंतरच्याही बऱ्याच वर्षांच्या गाड्यांचं सस्पेंशन नायलॉन धरूनच आखलेलं होतं.

नायलॉन ठेवायचा तर ठेवा, गाडीचं मूळ रूप त्यातच आहे. पण त्याच्या खोडी ठाऊक असू द्या. रस्त्याच्या खाचेमागे तो धावतो, हायवेवर गाडी रेष धरत नाही, सतत थोडं थोडं स्टीअरिंग सावरावं लागतं. थर एकमेकांवर घासून तो तापतोही लवकर. आपल्या उन्हात नायलॉनवर सत्तरच्या पुढे जाण्यात शहाणपणा नाही.

सगळ्यात घातक म्हणजे मिसळ. दोनच टायरचे पैसे आहेत म्हणून पुढे नवे रेडियल आणि मागे जुने नायलॉन, हा प्रकार गॅरेजमध्ये सर्रास दिसतो. पुढची चाकं रस्ता घट्ट धरतात, मागची धरत नाहीत. पावसात धुळ्याजवळच्या लळिंगच्या उतारावर वळण घेतलंत की मागची बाजू बाहेर फेकली जाते आणि गाडी स्वतःभोवती फिरते. एका अॅक्सलवर एक नायलॉन आणि एक रेडियल तर कधीच नाही. अगदीच नाइलाज असेल तर रेडियल मागे आणि नायलॉन पुढे, तेही तात्पुरतं. नायलॉनवरून रेडियलवर आलात की टो-इन (पुढच्या चाकांचा आतला कल) नव्याने लावून घ्या, नाहीतर पुढचे टायर आतून किंवा बाहेरून खाल्ले जातील आणि तुम्ही टायर कंपनीला शिव्या द्याल.

लोड इंडेक्स कोणी वाचत नाही

साइजच्या पुढे 84S असं काहीतरी लिहिलेलं असतं. 84 म्हणजे एक टायर 500 किलो पेलतो, S म्हणजे ताशी 180 किलोमीटर. वेगाच्या अक्षराची आपल्याला चिंता नाही, आपली गाडी तिथपर्यंत जातेय कशाला! पण आकडा महत्त्वाचा. अँबॅसेडर रिकामीच अकराशे किलोंच्या वर असते. मागे तीन माणसं आणि डिकीत धान्याचं पोतं आलं की मागच्या अॅक्सलवर खरा भार पडतो. छोट्या गाडीचा 75 आकड्याचा टायर फक्त 387 किलो पेलतो. साइज जुळली म्हणून हा चढवू नका.

याच्या उलट, 'आठ प्लायचा (आठ थरांच्या ताकदीचा) घ्या, लोखंड आहे' असं सांगणारेही भेटतील. टेंपोचा ताठ टायर हलक्या गाडीला लावला की प्रत्येक खड्डा थेट मणक्यात येतो आणि जुन्या सस्पेंशनचे बुश महिन्यात वाजायला लागतात.

ट्यूब काढून टाकू नका

आजच्या ट्यूबलेस रिमला आतून एक छोटी उंच कड असते, ती टायरची बीड (रिमला चिकटून बसणारा काठ) जागेवर धरून ठेवते. जुन्या रिमला ती नसते. हवा थोडी उतरलेली असताना वळण घेतलं तर बीड सुटू शकते. तारांच्या चाकांतून आणि रिव्हेट मारलेल्या रिममधून हवा गळतेच. म्हणून टायर ट्यूबलेस घेतला तरी जुन्या रिमवर ट्यूब घाला, आणि रेडियलला रेडियलचीच ट्यूब. बसवण्याआधी टायरच्या आत हात फिरवा, कागदी लेबल चिकटलेलं असेल तर खरवडून काढा. ते ट्यूबला घासून घासून पंक्चर करतं आणि पंक्चरवाल्याला खिळा काही सापडत नाही.

बीड चढवताना साबणाचं पाणी वापरायला सांगा. काही ठिकाणी डिझेल किंवा ग्रीस लावतात, त्याने रबर फुगून सडतं. टायर चकाकावा म्हणून लावलेल्या तेलकट पॉलिशचंही तेच. आणि टायर तपकिरी पडला म्हणून घाबरू नका. ओझोनपासून वाचवण्यासाठी रबरात घातलेलं द्रव्य वर येतं, ते तसं दिसतं.

हवा दुपारी मोजू नका

तापमान साधारण साडेपाच अंशांनी वाढलं की टायरमधला दाब एक पीएसआय वाढतो. सकाळी 27 अंश आणि दुपारी 45 म्हणजे उभ्या गाडीतच तीनेक पीएसआयचा फरक. चालल्यावर आणखी. दुपारी पंपावर जाऊन 'जास्त झाली' म्हणून हवा सोडली तर रात्री टायर बसका, आणि बसका टायरच जास्त तापतो. पहाटे, गाडी हलवण्याआधी मोजा. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर चार स्टँडवर चढवा, नाहीतर नायलॉन एका जागी चपटा होतो आणि पहिले काही किलोमीटर गाडी धबधब उडत चालते.

परदेशातून जुन्या साइजचे टायर मागवायचा मोह होतो, तिथे अशा टायरांचा वेगळा धंदाच आहे. पण जून 2020 पासून कारच्या नव्या टायरांची आयात सरकारच्या परवान्याशिवाय होत नाही, आणि आयएसआय खुणेची अट त्याहून जुनी आहे. पैसे भरण्याआधी ही चौकशी करा.

राहिली स्टेपनी. त्या दिवशी एरंडोलच्या पुढे मी डिकी उघडली, आंब्याच्या पेट्या बाहेर काढल्या आणि स्टेपनी खाली घेतली. काळीभोर, काटे जसेच्या तसे. आकडे शोधले तर तीनच. तिच्यावर वीसच्या वेगाने, मागून ट्रकवाल्यांचे हॉर्न ऐकत, कसंबसं गाव गाठलं. संध्याकाळी पोरींनी आखाजीच्या झोक्यासाठी दोर बांधलेलाच होता. दुसऱ्या दिवशी नानांनी तो टायर रिमवरून उतरवून त्याच दोराला टांगला. तिथे तो अजून आहे.