पुणे पायी पाहताना : तीन सोप्या फेऱ्या आणि त्यांच्या वेळा

काही वर्षांपूर्वी नागपूरहून आलेल्या मावशीला मी हौसेने जुने पुणे दाखवायला नेले आणि सकाळभर वाड्यांमधून फिरवून, आता जरा झाडाखाली बसू या असे म्हणत दुपारी साडेबाराला एका बागेच्या फाटकाशी आणून उभे केले. फाटकाला कुलूप होते. आतल्या रखवालदाराने, "मावशी, आता चारनंतर या," असे अदबीने सांगितले, आणि गुडघेदुखीने बेजार झालेल्या मावशीने माझ्याकडे जे पाहिले ते मी अजून विसरलेलो नाही. चूक अंतराची नव्हती, वेळेची होती. जुन्या पुण्यातील बहुतेक पाहण्याजोग्या जागा एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर आहेत, पण त्यांची दारे वेगवेगळ्या वेळी उघडतात. देवळे पहाटेपासून उघडी असतात, वाडे आणि संग्रहालये उशिरा उघडून संध्याकाळ होण्याआधी बंद होतात, तर महापालिकेच्या बहुतेक बागा सकाळी आणि संध्याकाळी खुल्या असून भर दुपारी मिटलेल्या असतात. त्यामुळे फेरी आखताना नकाशाआधी घड्याळ पाहावे. पुढील तीनही फेऱ्या अडीच-तीन किलोमीटरच्या आतल्या आहेत आणि प्रत्येकीचा शेवट बसता येईल अशा हिरवळीच्या ठिकाणी होतो.

पहिली फेरी कसब्याची, आणि ती सकाळी सातच्या सुमारास सुरू करावी. मेट्रोने यायचे असल्यास कसबा पेठ स्थानकावर उतरून ग्रामदैवत कसबा गणपतीपर्यंत चालत जाता येते. दर्शन घेऊन लगेच शनिवारवाड्याकडे वळण्याचा मोह टाळावा, कारण वाडा त्या वेळी उघडलेला नसतो आणि गल्ल्या मात्र शांत असतात. त्याऐवजी पूर्वेकडे चालत नागझरी ओलांडावी आणि सोमवार पेठेतील त्रिशुंड गणपतीचे देऊळ गाठावे. वाट चुकल्यास कमला नेहरू रुग्णालय कुठे आहे असे विचारावे, कारण देवळापेक्षा रुग्णालय अधिक लोकांना माहीत असते.

या देवळाला अर्धा तास तरी द्यावा. अठराव्या शतकाच्या मध्यानंतर गोसावी पंथीयांनी उभारलेले हे काळ्या पाषाणातील मंदिर बाहेरून लहान आणि दाटीत दबलेले दिसते, पण त्याच्या दर्शनी भिंतीसारखी भिंत पुण्यात दुसरी नाही. द्वारपाल, हत्ती, मोर आणि पोपट पाहून झाल्यावर खालच्या बाजूच्या पट्ट्याकडे नजर न्यावी : तिथे परदेशी पोशाखातील शिपाई एका गेंड्याला साखळीने बांधत आहेत. इंग्रजांनी बंगाल आणि आसाम ताब्यात घेतल्याची ही खूण असावी, असा अर्थ अभ्यासक लावतात. पुण्यात बसलेल्या पाथरवटाला हजार मैलांवरच्या राजकारणाची खबर होती आणि ती देवळावर कोरून ठेवावी असे कोणाला तरी वाटले, ही गोष्ट मला शनिवारवाड्याच्या पाच दरवाजांपेक्षा अधिक विलक्षण वाटते. सकाळचे ऊन तिरपे असताना हे कोरीव काम उठून दिसते, आणि फेरीची सुरुवात लवकर करण्याचे तेच खरे कारण आहे. आत मोरावर बसलेली तीन सोंडांची गणेशमूर्ती आहे, आणि गाभाऱ्याच्या भिंतीवर संस्कृत तसेच फारसी शिलालेख आहेत.

परतताना तांबट आळीतून यावे. तोपर्यंत नऊ वाजत आले असतील आणि ठोक्यांचा आवाज आळीच्या तोंडापासूनच ऐकू येऊ लागेल. तांब्याच्या पत्र्याचे भांडे लोखंडी आधारावर फिरवत, एकाला एक लागून अचूक ठोके घालून त्यावर जे चकचकीत ठिपके उमटवतात त्याला मठारकाम म्हणतात. ते केवळ शोभेसाठी नसते, तर ठोक्यांनी पत्रा घट्ट आणि टणक होतो. कारागिराचा हात चालू असताना मध्येच प्रश्न विचारू नयेत आणि छायाचित्र विचारूनच काढावे. तिथून लाल महालावरून जाताना एवढे लक्षात ठेवावे की सध्याची इमारत महापालिकेने विसाव्या शतकात उभारलेली आहे. 1663 मध्ये शिवाजी महाराजांनी शाहिस्तेखानावर छापा घातला तो मूळ महाल आज शिल्लक नाही.

शनिवारवाड्यात शिरताना दिल्ली दरवाजाच्या फळ्यांवरील अणकुचीदार खिळे पाहावेत. हत्तीने धडक देऊन दरवाजा फोडू नये म्हणून ते हत्तीच्या कपाळाच्या उंचीवर ठोकलेले आहेत. 10 जानेवारी 1730 रोजी पहिल्या बाजीरावांनी पाया घातलेला हा वाडा 1828 च्या आगीत जळाला आणि दगडी तट, दरवाजे व जोती एवढेच उरले. म्हणूनच आत महाल शोधू नये. जोत्यांवरून खोल्यांचा अंदाज घ्यावा, हजारी कारंज्याचा पाकळ्यांचा हौद पाहावा आणि मग हिरवळीच्या कडेच्या सावलीत बसावे. तटावर चढण्याच्या पायऱ्या उंच आहेत, त्यामुळे गुडघ्यांची तक्रार असणाऱ्यांनी खालीच थांबलेले बरे.

दुसरी फेरी संध्याकाळची असून ती दुपारी चारला विश्रामबागवाड्यापासून सुरू होते. दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी बांधलेल्या या वाड्याचे सुरूच्या आकाराचे कोरीव लाकडी खांब आणि रस्त्यावर झुकलेला सज्जा समोरच्या पदपथावरून अधिक चांगला दिसतो, मात्र तो पदपथ मोकळा मिळेलच असे नाही. समोर तुळशीबाग. खरेदीची गर्दी भेदून राममंदिराच्या प्रांगणात गेल्यावर बाहेरचा गलका एकदम मागे पडतो. नारो आप्पाजी खिरे तुळशीबागवाले यांनी 1761 मध्ये या मंदिराचे काम सुरू केले. तिथून मंडई दोनचार मिनिटांवर आहे. 1886 मध्ये बांधलेल्या या दगडी इमारतीचे नाव तेव्हा रे मार्केट असे होते, आणि आज ती महात्मा फुले मंडई आहे. मधल्या अष्टकोनी मनोऱ्याखाली उभे राहून वर पाहावे आणि लगेच बाजूला सरावे, कारण डोक्यावर टोपली घेतलेला माणूस आपल्यासाठी थांबत नसतो.

मंडईपासून सारसबागेपर्यंतचे अंतर सव्वा किलोमीटरच्या आसपास आहे आणि या फेरीतला हाच कंटाळवाणा भाग आहे. बाजीराव रस्त्यावरून वाहनांच्या सोबतीने चालायचे नसेल तर तेवढ्यापुरती रिक्षा करावी. त्यात कमीपणा काहीच नाही. सारसबागेतील देऊळ तळ्यातला गणपती म्हणून ओळखले जाते, कारण नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी करवून घेतलेल्या तळ्यातील बेटावर, सवाई माधवरावांच्या काळात, 1784 मध्ये ही स्थापना झाली. तळे आटवून पुढे बाग झाली, तरी देवळाभोवती थोडे पाणी आणि कमळे आजही आहेत. थंडीत गेल्यास मूर्तीला लोकरीचा स्वेटर आणि कानटोपी घातलेली दिसते. लहान मुले बरोबर असतील तर शेजारच्या पेशवे उद्यानातील फुलराणीसाठी वेळ राखावा. ही छोटी आगगाडी 1956 पासून धावते आहे.

पर्वती याच फेरीत उरकू नये. 103 पायऱ्या रुंद आणि बसक्या असल्या तरी दिवसभराच्या चालीनंतर त्या जड जातात, आणि वरचे देवदेवेश्वर मंदिर, पेशव्यांच्या वस्तूंचे संग्रहालय व चहूबाजूंनी दिसणारे शहर घाईने पाहण्यासारखे नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे स्वतंत्रपणे जावे. रोज चढणारे पुणेकर त्या वेळी भेटतात आणि नवख्या माणसाला कुठे थांबून दम खावा हे न विचारता सांगतात. 5 नोव्हेंबर 1817 रोजी खडकीची लढाई दुसऱ्या बाजीरावाने याच टेकडीवरून पाहिली, असे सांगितले जाते.

तिसरी फेरी पुन्हा सकाळची, पण सर्वांत सोपी. नदीकाठच्या ओंकारेश्वरापासून निघावे. पेशवाईतील हे देऊळ बसके आणि भक्कम आहे, आवारात चिमाजी आप्पांची समाधी आहे, आणि 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटून आलेल्या पुरालाही ते पुरून उरले. शेजारचा पूल ओलांडून बालगंधर्व रंगमंदिराशी आलात की उजवीकडे जंगली महाराज रस्त्याने पाताळेश्वरापर्यंत जावे. आठव्या शतकाच्या सुमारास राष्ट्रकूट काळात अखंड खडकात खोदलेले हे लेणे रस्त्याच्या पातळीपेक्षा खाली आहे, म्हणून ते दिसण्याआधी पायऱ्या लागतात. गोल नंदीमंडपाभोवती एकदा सावकाश फिरून यावे. त्याचे जाड चौकोनी खांब आणि वरचे छत्रीसारखे छत हे सगळे एकाच कातळातून सुटलेले आहे, जोडलेले काहीच नाही. आतले खोदकाम अर्धवट राहिले असून छिन्नीचे फटके ठिकठिकाणी ओळखू येतात. मग आल्या रस्त्याने परतून संभाजी उद्यानात बसावे. मात्र अकराच्या आधी पोहोचावे. परतीसाठी मेट्रोचे स्थानक बागेच्या नावाचेच आहे.

तिन्ही फेऱ्यांना पटकन काढता येणारी वहाण घालावी, कारण दर फेरीत दोनतीनदा ती काढावी लागते, आणि देवळातील दगडी फरशी उन्हाने तापण्याआधीच दर्शने आटपावीत. स्वच्छतागृहाची सोय त्यातल्या त्यात बागांमध्ये मिळते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चालण्यासाठी उत्तम असतो. गणेशोत्सवात आणि पालख्या मुक्कामी असताना पेठांमध्ये शिरायचे तर गर्दी पाहण्यासाठीच शिरावे, वास्तू पाहण्याची अपेक्षा ठेवू नये.

पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडले की बाबा भिडे पूल आणि नदीपात्रातील रस्ता बुडतो, आणि मग नदीकाठची वाहतूक मध्यवर्ती पुलांवर येऊन तिसऱ्या फेरीची मजा जाते. अशा दिवशी आगाखान पॅलेसला जावे. 1892 च्या या वास्तूला रुंद व्हरांडे आहेत, त्यामुळे भर पावसातही कोरडे राहून सगळी फेरी मारता येते. ऑगस्ट 1942 मध्ये गांधीजींना इथे स्थानबद्ध केले, आठवड्याभरातच महादेवभाई देसाई इथे वारले आणि 22 फेब्रुवारी 1944 रोजी कस्तुरबांनी इथेच प्राण सोडला. दोघांच्या समाध्या मागच्या बाजूला, झाडीत आहेत. छत्री तेवढी बरोबर ठेवावी, कारण व्हरांडा तिथपर्यंत जात नाही.